घोटाघोटाचा हिशेब

कपाटावरचे जुने दिवाळी अंक रद्दीला काढायचे म्हणून आई स्टुलावर चढली आणि अंकांच्या गठ्ठ्यामागे तिला चार बाटल्या सापडल्या. छोट्या, चपट्या, १८० मिलिलिटरच्या. आपल्याकडे ज्यांना 'क्वार्टर' म्हणतात त्या. संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा त्या चारही जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या होत्या आणि आई समोर मेथी निवडत बसली होती.

"या कुणाच्या?"

"माझ्या."

"चारही?"

"चारही. पण आई, ही तशी दारू नाही. ही स्कॉच आहे."

वाक्य तोंडातून निघालं आणि ते किती केविलवाणं आहे ते माझं मलाच कळलं. आईनं मेथीची जुडी बाजूला सारली. "भाऊजीही पहिल्यांदा असंच म्हणाले होते. ही दारू नाही वहिनी, बिअर आहे."

भाऊजी म्हणजे माझा धाकटा काका. छापखान्यात नोकरीला होता. स्वभावानं लाख माणूस, आम्हा मुलांना तर तो फार आवडायचा. रोज रात्री घरी येताना त्याच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक चपटी बाटली असायची. पुढे दोन झाल्या. २००१ साली यकृताच्या आजारानं तो गेला, तेव्हा मी सातवीत होतो आणि त्याचं वय होतं ४४. आमच्या घरात 'क्वार्टर' हा शब्द त्यानंतर कुणी उच्चारला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, असा इतिहास असताना या गृहस्थाला ही अवदसा आठवलीच कशी? सांगतो.

एका स्नेह्यांच्या निवृत्तीच्या घरगुती समारंभात यजमानांनी मोठ्या कौतुकानं ब्लॅक लेबल उघडली. सगळ्यांनी एक घोट घेऊन "वा!" म्हटलं. मीही म्हटलं. खरं सांगायचं तर घसा जळल्याखेरीज मला काहीही कळलं नव्हतं. गाण्यातलं काही न समजता समेवर मान डोलावणाऱ्या श्रोत्यासारखी माझी अवस्था होती. घरी येताना वाटलं, ज्याच्यासाठी माणसं हजारो रुपये मोजतात त्यात नेमकं आहे तरी काय? चोखंदळपणा खरा की नुसता किमतीचा दबदबा? पत्रकाराच्या डोक्यात प्रश्न शिरला की तो लवकर बाहेर पडत नाही. पण पगार पत्रकाराचाच. तेव्हा महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,०००, याच्या वर एक पैसा खर्चायचा नाही असं ठरवून मी अभ्यासाला लागलो.

पहिला धडा लेबलावरच मिळतो आणि तो फुकट असतो. स्कॉच म्हणजे नुसती भारी व्हिस्की नव्हे. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली असावी लागते, तिथेच ओक लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते आणि तिच्यात अल्कोहोलचं प्रमाण किमान ४० टक्के असावं लागतं. पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमेल, याशिवाय दुसरं काही घालायची परवानगी नाही. म्हणजे बाटलीतला गडद सोनेरी रंग पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तो रंग पिंपाचाही असेल किंवा कॅरमेलचाही.

लेबलावर '१२ वर्षं' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्या मिश्रणातली सगळ्यात कोवळी व्हिस्की १२ वर्षांची आहे. आणि हे वय पिंपातलं. बाटलीत भरली की व्हिस्कीचं वय थांबतं. त्यामुळे कुणी "आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीची बाटली आहे" म्हणून मिशीला पीळ देऊ लागला, तर लेबलावरचा आकडा पाहावा. बारा वर्षांची बाटली वीस वर्षं कपाटात राहिली तरी ती बारा वर्षांचीच राहते.

दुसरा धडा माल्ट आणि ब्लेंड यांचा. मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे माल्ट, तांब्याच्या मडक्यासारख्या भट्टीतून गाळलं आणि ते सगळं एकाच डिस्टिलरीतलं असलं की ती सिंगल माल्ट. गहू किंवा मक्यापासून उंच खांबासारख्या यंत्रातून निघते ती ग्रेन व्हिस्की. हे यंत्र १८३० साली एनियस कॉफी या आयरिश गृहस्थानं पेटंट करून घेतलं, आणि गंमत म्हणजे हे महाशय आधी दारूवरचा कर वसूल करणारे अधिकारी होते! माल्ट आणि ग्रेन एकत्र केल्या की झाली ब्लेंडेड स्कॉच. जगात खपणारी बहुतांश स्कॉच हीच.

ब्लेंड म्हणजे भेसळ, असा माझाही समज होता. तो आईच्या गोड्या मसाल्यानं दूर केला. नुसतं दगडफूल तोंडात टाकलं तर कुणी वाहवा करणार नाही, नुसत्या लवंगेनं आमटी कडवट होईल. प्रमाण जमलं की मगच मसाला. स्कॉच मिसळणारी पहिली मंडळीही किराणा दुकानदारच होती. जॉन वॉकरनं १८२० साली किलमार्नक गावात किराणा दुकान टाकलं. चहाची मिश्रणं करता करता त्या दुकानात व्हिस्कीची मिश्रणं होऊ लागली. त्याच घराण्याच्या मिश्रणांना १९०९ मध्ये रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं मिळाली.

तिसरा धडा खिशाचा. ब्रिटनमधून येणाऱ्या व्हिस्कीवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क होतं. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांत व्यापार करार झाला. त्यात हे शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. त्यावर प्रत्येक राज्याचा कर वेगळा, त्यामुळे एकाच बाटलीची किंमत गोव्यात एक आणि पुण्यात दुसरी. गुजरातेत आणि २०१६ पासून बिहारात दारूबंदीच असल्यानं तिथल्या वाचकांना हा हिशेब करायचं कारणच नाही.

पण यात एक मार्ग आहे. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते, ब्लेंडला मात्र ते बंधन नाही. ती मोठ्या टाक्यांतून इथे येते आणि इथल्या बाटल्यांत भरली जाते. आतला माल स्कॉटलंडचा, बाटली, बूच आणि खोकं आपलं. त्यामुळे ती बरीच स्वस्त पडते. टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ या त्यातल्या आपल्या बाजारातल्या ओळखीच्या. लेबलावर '४२.८ टक्के' असा विचित्र आकडा दिसला तर गोंधळू नका. जुन्या ब्रिटिश मोजमापातल्या ७५ प्रूफचं ते आजच्या हिशेबातलं रूप आहे.

आणि या बाटल्या क्वार्टरमध्येही मिळतात. ७५० मिलिलिटरची एक मोठी बाटली घेण्याऐवजी चार वेगवेगळ्या क्वार्टर घेतल्या की ७२० मिलिलिटर होतात. म्हणजे जवळपास तेवढ्याच मालात चार चवी. नवशिक्याला आणि मर्यादित खिशाला याहून चांगला उपाय मला सापडला नाही. त्या दुकानदारानं सवयीनं चारही बाटल्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिल्या, तेव्हा मात्र हात क्षणभर थबकला. मग त्या घरी आणून दिवाळी अंकांमागे लपवल्या. जे लपवावं लागतं त्यात काहीतरी चुकतंय, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

असो. तर मेथी निवडून झाल्यावर आईनं माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "चव कळावी म्हणून पितोस ना?"

"हो."

"मग एक वही कर. तारीख, किती घेतली आणि काय कळलं ते लिही. मी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिते तसा. वही उघड्यावर ठेवायची. बाटल्याही उघड्यावर ठेवायच्या."

आमच्या ऑफिसातल्या एकाही संपादकानं मला इतकी चोख सूचना कधी दिलेली नाही.

पहिली बैठक शनिवारी रात्री झाली. जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी हा प्रयोग करू नये. एका वेळी दोनच चवी, प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे दोन्ही मिळून एक लहान पेग. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं माप. पेला वर निमुळता असला की वास टिकतो, म्हणून बायकोनं कुठल्याशा भेटवस्तूतला काचेचा छोटा पेला काढून दिला. आधी नुसता वास घ्यायचा, तोही नाक आत न खुपसता. मग जिभेवर थेंबभर. मग थोडं साधं पाणी घालून पुन्हा. पाणी घातल्यानं व्हिस्की 'मारली' जाते असं आपल्याकडे समजतात. प्रत्यक्षात अल्कोहोलचा भपका कमी होऊन मागचे वास पुढे येतात, आणि स्कॉटिश मंडळीही खुशाल पाणी घालतात. बर्फानं मात्र वास आणि चव दोन्ही मंदावतात. सोडा घातला म्हणून पाप लागत नाही, पण शिकायच्या दिवसांत तो बाजूला ठेवलेला बरा. चकली, शेव आणि लसणाची चटणीसुद्धा. त्यांच्यापुढे कुठलीच व्हिस्की टिकत नाही.

पहिल्या रात्री मी वहीत लिहिलं : 'टीचर्स. धूर. कुठला धूर ते आठवत नाही. ब्लॅक अँड व्हाइट. धूर कमी, गोडसर.' दुसऱ्या शनिवारी आठवलं. लहानपणी आजोळी न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा. पहाटे तो पेटवला की जो धूर घरभर यायचा, तो हा धूर!

हा धूर येतो पीटमधून. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात. सातूचे मोड वाळवताना खाली पीट जाळला की धूर दाण्यात बसतो आणि गाळल्यावरही जात नाही. टीचर्सच्या मिश्रणात आर्डमोर या डिस्टिलरीची धुरकट माल्ट असते, म्हणून माझ्या बंबाची आठवण तिच्यात ठळक निघाली. व्हॅट ६९ मला हलकी वाटली. तिची गोष्ट अशी की विल्यम सँडरसन यांनी १८८२ मध्ये शंभर मिश्रणं तयार केली, जाणकारांना चाखायला दिली आणि ६९ क्रमांकाच्या पिंपाला पसंती मिळाली. आपल्याला ती बाटली हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या टेबलावरची म्हणूनच ठाऊक!

तीन महिन्यांत चार क्वार्टर संपल्या आणि माझं मत तयार झालं. मला धूर आवडतो, फार गोडवा आवडत नाही. एवढं कळलं की पुढची निवड सोपी होते. ज्याला गोडसर, फळांकडे झुकणारी चव हवी त्यानं स्पेसाइड भागातल्या माल्टकडे जावं. ज्याला धूर हवा त्यानं आयला बेटाकडे. त्या बेटावरच्या काही व्हिस्कींना धुराबरोबर टिंक्चर आयोडीनचा वास येतो. पहिल्या घोटाला दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, आणि काहींना नेमकं तेच आवडतं. आपण कोण ते ठाऊक नसताना एवढी महाग बाटली घेणं म्हणजे न ऐकताच बैठकीचं तिकीट काढणं.

सिंगल माल्ट एकट्याच्या खिशाला परवडेना, म्हणून आम्ही तिघा मित्रांनी मिळून ग्लेनफिडिकची १२ वर्षांची बाटली घेतली आणि २५० मिलिलिटरप्रमाणे वाटून घेतली. याच डिस्टिलरीनं १९६३ मध्ये सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर हिरिरीनं विकायला सुरुवात केली. त्याआधी माल्ट मुख्यतः मिश्रणातच जायची. आम्हा तिघांत एकाला ती फार आवडली, एकाला बरी वाटली आणि मला माझी निम्म्याहून कमी किमतीची टीचर्सच बरी वाटली. समारंभातल्या त्या 'वा!'चं उत्तर मला इथे मिळालं. किंमत वयाची, शुल्काची आणि नावाची असते. आवड आपली असते.

खरेदीबद्दल आणखी एक. 'एअरपोर्टवरून आणलेली, स्वस्तात देतो' असं म्हणणाऱ्या ओळखीच्या ओळखीच्याकडून काही घेऊ नये. मी एकदा घेतली. खोकं अस्सल, बाटली अस्सल, आत काय होतं ते देव जाणे. ती मोरीत ओतावी लागली. भारी रिकाम्या बाटल्यांना रद्दीत चांगला भाव का येतो, याचा उलगडा तेव्हा झाला. घ्यायचीच तर परवानाधारक दुकानातून, सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल पाहून, पावतीसकट. महाराष्ट्रात पिण्यासाठीही परवाना लागतो आणि त्यासाठी वय २५ पूर्ण असावं लागतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

इथवर लेख छान चालला होता आणि इथेच संपवता आला असता. पण वहीचं राहिलं.

उन्हाळ्यात ऑफिसातलं काम फार वाढलं. दोन माणसं सोडून गेली होती, त्यांची पानं माझ्याकडे आली. रात्री दहाला घरी यायचं, जेवायचं आणि टेबलावर बसायचं. एका रविवारी सकाळी आई वही घेऊन माझ्यासमोर बसली. चष्मा लावला आणि वाचायला लागली.

"हे जानेवारीतलं. 'बंबाचा धूर, मागे थोडी सुकी द्राक्षं, पाणी घातल्यावर मधासारखं.' हे फेब्रुवारीतलं, अर्धं पान आहे. आणि हे गेल्या आठवड्यातलं. सोमवार, ३०. मंगळवार, ६०. बुधवार, ६०. गुरुवार, ३०, थकलो होतो. शनिवार, ६०." तिनं वही मिटली. "यात काय कळलं ते कुठे लिहिलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे तर माझ्याच हातचे होते.

"भाऊजीही थकूनच यायचे," आई म्हणाली. आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. "त्यांना कुणी वही दिली नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. धाकटा दीर, कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिले."

इतकी वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

मी त्या दिवसापासून बंद केली. श्रावण यायला अजून वेळ होता, पण श्रावण संपेपर्यंत बंद, असं ठरवलं. पहिले दहा दिवस रात्री दहा वाजता हात टेबलाकडे जायचा, हे कबूल करायला हवं. थकवा घालवायला मी जे घेत होतो त्यात स्कॉटलंड नव्हतं, पीट नव्हता, काही नव्हतं. तिथे कुठलीही बाटली चालली असती. काकाची आणि माझी बाटली वेगळी आहे अशी माझी समजूत होती. तिच्या आधारावर मी निर्धास्त होतो आणि तीच खोटी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे की अल्कोहोलचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. यकृताला भारी आणि हलक्या दारूतला फरक कळत नाही. ज्यांना एका पेगावर थांबता येत नाही, ज्यांची औषधं चालू आहेत, ज्यांना नंतर गाडी चालवायची आहे, त्यांच्यासाठी योग्य स्कॉच एकच, दुकानात राहिलेली.

गणपती होऊन गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. आता नियम माझा आहे : शनिवार सोडून नाही, ३० मिलिलिटरच्या वर नाही, थकलेल्या किंवा चिडलेल्या दिवशी मुळीच नाही आणि चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर पुढचा शनिवार रद्द. या हिशेबानं एक क्वार्टर सहा आठवडे पुरते आणि वर्षाच्या ६,००० रुपयांतले बरेचसे उरतात. बजेट म्हणून आखलेली मर्यादा अशी वेगळ्याच कामाला आली.

परवाच्या शनिवारी लिहून झालं तेव्हा आई पाणी प्यायला उठली होती. "वाच बघू," म्हणाली. मी वाचून दाखवलं. मग तिनं रिकामा पेला उचलला, नाकाशी नेला आणि काही वेळ तशीच उभी राहिली.

"बंबाचा धूर बरोबर लिहिलायस," ती म्हणाली. "बाकीचं मला काही कळत नाही. पेला विसळून ठेव आणि झोप आता."